ए-ॲनची वही

१

वही हरवली आहे हे मला नगरच्या छापखान्यात कळलं. नऊ जानेवारी, मंगळवार. शेवगावहून सकाळच्या एसटीनं गेलो होतो. वही पिशवीत आणि पिशवी मांडीवर. छापखान्याचे मालक मच्छिंद्रशेठ यांनी चहा सांगितला, चष्मा लावला, वही उघडली आणि बराच वेळ पानं उलटत राहिले. मग म्हणाले, "रंगनाथराव, ह्यात मी छापू काय?"

सगळी वही कोरी होती.

वरचं लेबल तिचंच होतं. 'सौ. सुकन्या, इंग्रजी' असं तिच्या हातचं. आत मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एक अक्षर नाही. मागे छपाईचे खिळे जुळवणारा माणूस उभा होता, तो हसला. मच्छिंद्रशेठनी कव्हर चाचपून बघितलं. वर खाकी कागद, त्याच्या आत जाड प्लास्टिक, आणि कोपऱ्यांना दोऱ्याचे टाके. "कव्हर मात्र मजबूत घातलंय हो वहिनींनी," ते म्हणाले. मी चहा तसाच ठेवून बाहेर आलो.

सुकन्या माझी बायको. जूनमध्ये किडनीनं गेली. शेवगावच्या पूर्वेला एका गावच्या हायस्कुलात तिनं चोवीस वर्षं इंग्रजी शिकवलं. मराठीत 'मी शिक्षक आहे' म्हटलं की झालं. इंग्रजीत त्या शिक्षकाच्या आधी 'ए' लावावा लागतो. पाण्याला लावायचा नाही, हंड्याला लावायचा. कुठे 'ए', कुठे 'ॲन', कुठे काहीच नाही, इथंच आपली पोरं अडतात, असं ती म्हणायची. पोरांनी केलेली अशी प्रत्येक चूक तिनं त्या वहीत उतरवली होती आणि खाली नियम समजावून दिला होता. तिला त्याचं पुस्तक करायचं होतं. आम्हाला मूलबाळ नाही. तिच्या वर्षश्राद्धाला ते पुस्तक तिच्या नावानं छापून हातात असावं, एवढंच मला हवं होतं.

बसस्टँडवर बसून मी वही पुन्हा उघडली. पानं कोरीच होती.

२

दगडाबाईला मी त्याच दिवशी गाठलं. ती त्या हायस्कुलात सव्वीस वर्षं शिपाई होती. घंटा द्यायची, चहा करायची, आणि पोरांनी कुणाचा डबा खाल्ला ते तोंडाकडे बघून सांगायची. तिचा अंदाज कधी चुकलेला मी ऐकला नाही. सुकन्याला ती बहीण मानायची, म्हणून मी तिचा दाजी.

"दाजी, सात म्हैने झालं बाईला जाऊन. एकदाबी उघडून बघितली न्हाई वही?"

"नाही."

"का?"

"तिचं अक्षर बघवत नव्हतं. आणि इंग्रजी मला येतंय कुठं."

"लई शहाने हाव. कपाटात ठिवलं म्हंजे जपलं व्हय?"

तीस वर्षं नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर काम केलं. तिथं माल हातात आला की आधी माप घ्यायचं असतं. घरी मी ते केलं नाही.

"कोनाकोनाला दिल्ती?"

तिघांना दिली होती. आधी दसऱ्याला मुख्याध्यापक आबासाहेबांना, चार दिवस. मग दिवाळीच्या सुट्टीनंतर ज्योतीला, आठ दिवस. सुकन्याच्या जागी तासिकेवर घेतलेली ही मुलगी. शेवटी डिसेंबरात आदिनाथला, एक दिवस. सुकन्याचा जुना विद्यार्थी, शेवगावात त्याचे क्लासेस आहेत. प्रत्येकानं वही आणून दिली, मी वरचं लेबल बघितलं आणि कपाटात ठेवली. चावी माझ्या जानव्याला असते.

दगडाबाईनं वही हातात घेतली. पानं बघितली नाहीत. कव्हराचे कोपरे बघितले, टाक्यांवरून बोट फिरवलं आणि तशीच बसून राहिली.

"काय झालं?"

"बाई डिंक लावायच्या," ती म्हणाली. "वीस वर्सं त्येंचा डिंक मीच आनून दिलाय. हे टाके त्येंचे न्हाईत."

"मग कुणाचे?"

"ईचारू की तिघांना," ती म्हणाली. आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

३

आबासाहेब ऑफिसात टेबलावर पाय पसरून बसले होते. आम्हाला बघून पाय खाली घेतले नाहीत.

"दगडाबाई, रिटायर झालीस तरी शाळा सुटेना का?"

"तुमचं पाय बघाया आले, साहेब."

त्यांनी पाय खाली घेतले. मी वहीचं सांगितलं. ते हसले.

"गेली? बरं झालं. रंगनाथराव, स्पष्ट बोलतो, रागावू नका. तुमच्या मिसेसनी त्या वहीत माझं नाव लिहिलं होतं. पान एकशे बारा. मी एकदा नोटीस लावली होती, त्यात 'ऑनेस्ट'च्या आधी 'ॲन'ऐवजी 'ए' पडला. पडतो माणसाकडून. त्यांनी ती नोटीस उतरवून घेतली, 'मुख्याध्यापक साहेब' असं लिहून, आणि दहावीच्या वर्गात वाचली. अख्ख्या वर्गासमोर, मी व्हरांड्यात असताना!"

"तुम्ही ते पान फाडलं?"

"फाडणार होतो. मग म्हटलं, मेलेल्या बाईशी काय भांडायचं. तुम्हाला परत आणून दिली. घेताना तुम्ही उघडून बघितली असती तर आज ही पाळी आली नसती." मग पेन फिरवत म्हणाले, "तुम्ही तिला देवी केलीय. शाळेत विचारा ती काय होती."

बाहेर आल्यावर मी दगडाबाईला म्हटलं, "हाच आहे. ह्यालाच राग होता."

"राग तर लई हाय. पन त्येला पान पाठ हाय, दाजी. त्येनं खरी वही बघितलीय. अन् ह्यो मानूस रागाच्या भरात सुई-दोरा घिऊन बसंल?"

ती फाटकाकडे चालू लागली. मी मागे राहिलो. सुकन्या शाळेत काय होती, असं मी तिला विचारलं. ती थांबली नाही.

४

आदिनाथच्या क्लासवर मोठा बोर्ड आहे. त्याचा हसरा फोटो आणि खाली 'कोपीतून कोचिंगपर्यंत'. त्याचे आई-बाप ऊसतोडीला जायचे. उसाच्या पाचटाच्या कोपीत बसून अभ्यास केला, हे तो प्रत्येक भाषणात सांगतो.

"काका, या ना. मॅडमच्या वहीनं मला रडवलं हो. काय काम! मी स्टेटस ठेवला होता, बघितला ना?"

बघितला होता. वही परत देतानाचा त्याचा आणि माझा फोटो, खाली मजकूर. मी तो मोबाईलमध्ये जपून ठेवला होता. दगडाबाईनं वाचायला लावला. 'ॲपलपासून अम्ब्रेलापर्यंत, रंगीत चित्रांसह, मॅडमनी लहानग्यांसाठी सजवलेली ही ज्ञानगंगा...'

"रंगीत चित्रं?" दगडाबाई म्हणाली.

"हो म्हणजे, भावार्थानं."

"पयल्या पानावर कोनचं चित्र व्हतं?"

आदिनाथ माझ्याकडे बघून हसला. मग हसणं थांबलं.

"काका, खरं सांगू का? ॲडमिशनची गडबड होती. मी उघडली नाही. मॅडमची वही आपल्याकडे होती, एवढं पालकांना दिसलं तरी पुरे. ज्या बाईनं मला चार वर्षं उभं केलं तिची वही मी कशाला वाचू? नमस्कार केला, फोटो काढला, परत दिली."

"उभं केलं म्हणजे? घडवलं?"

"नाही काका. बाकावर. उभं."

५

ज्योती नववीचा तास संपवून आली. पंचविशीची मुलगी, हजेरीपट छातीशी धरलेला. हजेरीपटाला जुनं प्लास्टिक होतं, कोपऱ्याला काळा दोरा.

"वही दिली की काका तुम्हाला. तुम्हीच घेतलीत."

"त्या आठ दिवसांत काय शिकवलंस त्यातलं?"

"पाणी आणि हंडा. मोजता येतं त्याला 'ए', मोजता येत नाही त्याला नाही. बाईंच्या वहीतलंच. पोरांच्या वह्यांत आहे, बघा."

मी दोन वह्या मागवल्या. खरोखर तेच होतं. सुकन्या जेवताना मला जे सांगायची तेच, शब्दाला शब्द.

"पोरांची नावं वाचलीस? चुकीच्या पुढं बाई नावं लिहायच्या म्हणतात," मी म्हणालो.

"नावं नाही वाचली," ज्योती म्हणाली. घंटा झाली तशी ती उठली. दारातून वळून तिनं दगडाबाईकडे बघितलं. दोघींची नजर जरा वेळ तशीच राहिली. दगडाबाईनं मान खाली घातली.

६

शाळेच्या पाराजवळ दगडाबाईनं चपला काढल्या आणि बसली. "बसा दाजी. सांगते. मग मला पुना काई ईचारू नका."

तिनं सांगितलं ते असं.

आबासाहेबांनी खरी वही बघितली. त्यांच्यानंतर ज्योतीनं त्यातून शिकवलं, पोरांच्या वह्यांत पुरावा आहे. म्हणजे आबासाहेबांनी वही बदलली नाही. ज्योतीकडे पोचली ती खरी होती. आदिनाथनं वही उघडलीच नाही. त्याचा स्टेटस वही परत केली त्या दिवशीचा, चोरीचा बोभाटा व्हायच्या महिनाभर आधीचा. वही चोरून तिच्यावर क्लास चालवायचा असता तर त्यानं आधी ती वाचली असती, आणि रंगीत चित्रं लिहिली नसती.

"मग राहिली ज्योती. पण टाके?"

"त्येच तर. दिवाळी झाली की आपली निम्मी शाळा तोडीला जाती. नदीकाठी उघड्यावर कोप्या. रातचं दव पडतं, डिंक सुटतो. खळ लावली तर उंदीर कव्हर खातो. म्हनून तोडीची पोरं खताच्या गोनीतलं प्लास्टिक घेत्यात अन् दाभनानं टाकं घालत्यात. शाळेत शंबर वह्या ठिवा, कोनची वही तोडीला जाऊन आली ते मी आंधारात सांगीन. ज्यानं ही कोरी वही केली त्यानं वर बाईसारखा खाकी कागद लावला, बाईचं लेबल वाफ दिऊन काढून चिकटवलं. समदं बरूबर केलं. पन आत प्लास्टिक घातलं अन् टाकं मारलं. कपाटात ठिवायच्या वहीला कोन प्लास्टिक घालतं? हाताला सवय हाय."

"आदिनाथही तोडीचाच आहे."

"हाय. पन त्यो बोर्डावरच तोडीला जातो आता. आन् त्येनं वही उघडली न्हाई." मग म्हणाली, "ज्योतीचं घर तोडीचं हाय. तिची बहीन अजून जाती. मला टाकं बघितल्याबरूबर कळलं हुतं, दाजी. मला वाटलं, चुकत आसंन मी."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तिला ईचारा. मला नगा."

७

मी आबासाहेबांच्या ऑफिसातच ज्योतीला बोलावलं. साक्षीदार असावा म्हणून. त्यांनी खुशीनं खुर्ची दिली.

कोरी वही मी टेबलावर ठेवली. "माझी बायको मेली आणि तू मला तिची कोरी वही आणून दिलीस. खरी कुठाय?"

ज्योतीनं नाकारलं नाही. खांद्यावरच्या पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही काढली आणि ठेवली. शाळेत रोज घेऊन यायची म्हणे.

"का?" मी विचारलं.

"पान चौऱ्याहत्तर."

"काय आहे चौऱ्याहत्तरावर?"

"माझी बहीण. अश्विनी." ती उभीच होती. "ती नववीत होती. पाच महिने तोडीवर राहून चैत्रात परत आली. आल्याच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी फळ्याजवळ बोलावलं. आई-वडिलांवर इंग्रजीत एक वाक्य सांग म्हणाल्या. ती म्हणाली, 'माय मदर अँड फादर आर ए कोयता.'"

आबासाहेब फिसकन हसले.

"हसा सर. सगळा वर्ग असाच हसला. मुकादमाच्या यादीत नवरा-बायको दोन नसतात. दोघं मिळून एक कोयता. तिनं तेच सांगितलं. बाईंना हे माहीत नव्हतं असं नाही, चोवीस वर्षं ह्याच गावात होत्या. त्यांनी ते वहीत घेतलं, नावासकट. मग दर वर्षी नववीला वाचायचं. अश्विनीला गावात लोक कोयता म्हणायला लागले. ए कोयता, पाणी आण. दहावीला ती शाळेत गेलीच नाही. पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं."

"मग? बाईंनी मारलं का तिला?" मी म्हणालो.

"नाही. मारलं नाही. माझ्या नववीला पण वाचलं. सगळी पोरं माझ्याकडे वळली. म्हणून मी आधी हसले, काका. सगळ्यांच्या आधी. घरी जाऊन अश्विनीच्या हातची भाकरी खाल्ली."

ती पुढं म्हणाली, "तुम्ही ही वही छापणार होता. नावं तशीच ठेवून. मी एकदा विचारलं होतं, तुम्ही म्हणाला, सुकन्याचा एक शब्द बदलणार नाही. जाळायला घेतली होती. पण 'ए' कुठं लावायचा ते मलाही ह्याच वहीनं शिकवलंय, नोकरी तीच देते. जाळता आली नाही."

"तिच्याबद्दल असं बोलायला लाज वाटत नाही? ती मेलीय," मी म्हणालो.

"बाई गेल्या तेव्हा आमच्या वस्तीवर कुणी रडलं नाही, काका. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल."

मी आबासाहेबांकडे वळलो आणि म्हणालो, "चोर मास्तरीण शाळेत ठेवणार आहात का?"

त्यांना तेवढंच हवं होतं. तासिकेची नोकरी, कागदसुद्धा लागत नाही. "उद्यापासून येऊ नकोस," ते म्हणाले. ज्योतीनं हजेरीपट टेबलावर ठेवला. मी सुकन्याची वही उचलली. दगडाबाई दारात उभी होती. तिनं वाट दिली, पण माझ्याबरोबर आली नाही.

८

घरी आल्यावर मी वही उघडली. लेथवरच्या ड्रॉइंगपुरतं इंग्रजी मला वाचता येतं, हळूहळू. पान चौऱ्याहत्तर लगेच सापडलं, तिथली कड हाताळून मळली होती.

वर नाव, वर्ग, तारीख. मग ते वाक्य आणि 'ए'वर लाल रेघ. खाली मराठीत तिचं सुंदर अक्षर. 'कोयता ही वस्तू. आई-वडील दोघे, म्हणून ए येत नाही. हे वाक्य मुलीच्या नावासह मोठ्याने वाचावे. मुले हसतात व नियम लक्षात राहतो.' त्याखाली दहा वर्षांचे दहा आकडे, प्रत्येकापुढे बरोबरची खूण.

मी बाकीची पानंही बघितली. आबासाहेबांचं नाव होतं, आदिनाथचं सहा ठिकाणी होतं. दोनशेच्या वर नावं आहेत. ज्या पोरांना नियम पहिल्यांदा बरोबर आला त्यांचं नाव कुठंही नाही. तिनं तशी वही ठेवलीच नव्हती.

मग मला आठवलं की हे वाक्य मी आधी ऐकलंय. तिनं एका शनिवारी जेवताना सांगितलं होतं, आवाज काढून. मी घास हातात धरून हसलो होतो. सोमवारी नागापूरला कँटीनमध्ये चारजणांना सांगितलं. त्यातले दोघं हसले. दोघं पाथर्डीकडचे, तोडीच्या घरचे होते, ते उठून हात धुवायला गेले. का उठले, ते मी तेव्हा विचारलं नाही.

मच्छिंद्रशेठचा दोनदा फोन आला. मी म्हटलं, वही मिळाली, पण सध्या थांबा. किती दिवस, ते सांगितलं नाही. सुकन्यावर माझा राग आहे आणि रोज संध्याकाळी तिच्या फोटोपुढं दिवाही लावतो. दोन्ही चालू आहे.

ज्योतीच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. नववीचा इंग्रजीचा तास मोकळा जातो. ती शेवगावात एका कापडाच्या दुकानात उभी राहते असं कळलं. दगडाबाई रस्त्यात भेटली तर दाजी म्हणत नाही, काहीच म्हणत नाही. ज्योतीला परत घ्या असं पत्र संस्थेला द्यायचं मी ठरवलं. कागद काढून ठेवला आहे.

अश्विनी नवऱ्याबरोबर संगमनेरकडच्या एका तळावर तोडीला आहे. हंगाम मार्चअखेर संपेल. जायला चार तास लागतात. मी गेलेलो नाही.